पसाभर मातीतलं रान

काडीएवढ्या रोपाकडे बघून कुणाला रान आठवत नाही. तशी नऊ रोपं एका ओळीत लावली तर फार तर कुंपण होईल. पण तीच नऊ रोपं एका उथळ ट्रेमध्ये जरा पुढे-मागे सरकवून लावली, की बघणारा वाकून आत डोकावतो.

मागच्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे डमडमला आली होती. गच्चीत कपडे वाळत घालताना तिचं लक्ष कठड्यावरच्या ट्रेकडे गेलं. चिमटे हातात तसेच धरून ती खाली वाकली आणि म्हणाली, "अगं, ही तर देवराई!" ट्रे दोन फूट लांब, माती जेमतेम दोन इंच, सगळ्यांत उंच झाड हातभरसुद्धा नाही. ती रोपं मी बागबाजारजवळच्या गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातून आणली होती. पक्ष्यांचे पिंजरे आणि माशांच्या पिशव्या यांच्यामधून वाट काढत, मेट्रोत लोकांचे धक्के खात. तेव्हा त्यांतल्या एकाही रोपाकडे आईने ढुंकून पाहिलं नसतं. आणि पाहण्यासारखं काही नव्हतंच. दोन वाकडी होती, तिघांना एकाच बाजूला फांद्या होत्या, एक नुसतंच लांबलेलं होतं.

मग देवराई आली कुठून?

अशा लागवडीला जपानीत योसे-उए म्हणतात. एकत्र आणून लावणं, इतकाच त्याचा अर्थ. एकट्या बोन्सायला, म्हणजे आपल्या वामनवृक्षाला, बुंधा जाड हवा, फांद्या चहूबाजूंनी हव्यात, मुळं देखणी हवीत. त्यात वर्षानुवर्षं जातात. रानात मात्र एकेकट्या झाडाचे दोष कामाला येतात. एकाच बाजूला फांद्या असलेलं रोप एकटं टाकाऊ, पण रानाच्या कडेला तेच शोभतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तोशिओ कावामोतो यांनी जपानमध्ये साईकेई नावाचा प्रकार रुजवला, त्यामागे हाच हिशेब होता. जुनी, महागडी झाडं सगळ्यांना परवडणारी नव्हती. कोवळ्या, स्वस्त रोपांतून दगड-मातीसह अख्खा देखावा उभा करता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

डोळ्याची जुनी सवय

आपला डोळा अंतर मोजतो तो बऱ्याच अंशी आकारावरून. रेल्वेलाइनच्या कडेचे खांब सगळे एकाच उंचीचे, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे लहान दिसणारा खांब लांब आहे, असं मन न विचारता ठरवून टाकतं. ट्रेमधलं रान या सवयीचा फायदा उचलतं. सगळ्यांत जाड आणि उंच झाड पुढच्या बाजूला, बारीक आणि बुटकी झाडं मागे. खरं अंतर असतं चार-पाच इंच. पण बारीक खोड बघून मन म्हणतं, ते झाड पार आत आहे.

ही फसवणूक जमण्यासाठी एक अट आहे. झाडं सगळी एकाच जातीची हवीत. पुढे सुरू आणि मागे कामिनी लावली, तर लहान-मोठेपणाचं कारण डोळ्याला आयतं मिळतं: ही झाडंच वेगळी! पान, साल, वळण सारखं असेल तेव्हाच उरलेला फरक अंतराच्या किंवा वयाच्या खात्यात जमा होतो. अनेक जातींचे सुंदर नमुने एका ट्रेमध्ये दाटीने लावलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत मला रान दिसत नाही, रोपवाटिका दिसते.

पानाचा आकारही याच हिशेबात येतो. समजा, वीस मीटरचं झाड आपण चाळीस सेंटिमीटरमध्ये दाखवतो आहोत. म्हणजे प्रमाण पन्नासास एक. या झाडाचं पान पाच सेंटिमीटर लांब असेल, तर मूळ झाडावर ते अडीच मीटरचं झालं. एका पानाखाली आख्खं कुटुंब झोपेल! म्हणून लहान पानांची झाडं घ्यायची. माझी रोपं नांद्रुकाची आहेत. नर्सरीत त्याला नुसतं 'फायकस' म्हणतात. हा वडाचाच भाऊबंद, उष्ण आणि दमट हवेत खूश, आणि छाटणी केली की नवी पानं आधीपेक्षा लहान आणणारा. सुरूही रानासाठी फार चांगला. त्याच्या बारीक, सुईसारख्या फांद्यांमुळे प्रमाणाचा प्रश्नच मिटतो. बंगालमध्ये शेओडा नावाचं झाडही बोन्सायसाठी वापरतात. खरखरीत छोटी पानं, चिवट लाकूड. पण शेओड्यावर पेत्नी, म्हणजे हडळ, राहते अशी इकडची समजूत. शेजारच्या गृहस्थांनी मला तसं बजावलंही. (त्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे मी 'काकू' म्हणते. बंगालीत काकू म्हणजे काका. आईला हे कळल्यावर ती दोन दिवस हसत होती.)

आता मांडणी. पहिली तीन झाडं लावताना शाळेतला विषमभुज त्रिकोण आठवायचा, तिन्ही बाजू वेगवेगळ्या लांबीचा. मुख्य झाड मध्यावर लावायचं नाही. ट्रेची लांबी तीन भागांत वाटली, तर एक भाग जिथे संपतो त्याच्या आसपास ते बरं दिसतं. दुसरं त्याच्या जवळ, तिसरं जरा दूर. पुढचं प्रत्येक रोप असं बसवायचं, की समोरून बघताना कुठलीही तीन खोडं एका रेषेत येऊ नयेत आणि कुठल्याही दोन जोड्यांमधलं अंतर सारखं होऊ नये. झाडांची संख्या विषम ठेवतात, तेही याचसाठी. सम संख्या मनातल्या मनात दोन सारख्या भागांत मोडते, आणि एकदा मोडली की बागेतला वाफा दिसतो. मात्र नऊ-दहाच्या पुढे मोजायला कुणी बसत नाही.

माझ्या मते झाडांपेक्षा त्यांच्यामधली मोकळी जागा जास्त महत्त्वाची. माझ्या ट्रेमध्ये पाच झाडं एकीकडे, चार दुसरीकडे, आणि मधे एक पट्टा मोकळा आहे. पुढे चार बोटं रुंद, मागे जाताना निमुळता होत एका खोडाआड वळणारा. आई ज्यात डोकावली तो हा पट्टा. तिथे काहीच नाही, नुसतं मॉस आहे.

ट्रे ठेवायचा कुठे, यावरही बरंच अवलंबून आहे. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं उतरतात. त्यांच्या खिडकीतून सुंदरबनसुद्धा हिरव्या गोधडीसारखं दिसत असेल. रान जमिनीवर ठेवून वरून पाहिलं तर कोथिंबिरीची जुडी दिसते. नजरेच्या पातळीला आणलं, की खोडं दिसतात, त्यांच्यामधला काळोख दिसतो.

बनगाव लोकलच्या दारातली माणसं

डमडम स्टेशनवर सकाळी बनगाव लोकल येते तेव्हा तिच्याकडे नीट पाहा. दारातली माणसं बाहेर झुकलेली असतात. एक हात दांड्याला, बाकी सगळं अंग हवेत. आतली माणसं मात्र ताठ, हात अंगाशी चिकटलेले, फक्त माना वर. रानातल्या झाडांची अगदी हीच गत असते. फरक इतकाच, की माणसांना हवा हवी आणि झाडांना उजेड.

कडेच्या झाडाला एका बाजूने उजेड मिळतो. खोडाच्या वाढत्या टोकात ऑक्सिन नावाचं संप्रेरक, म्हणजे वाढीचा निरोप नेणारं द्रव्य, तयार होतं. ते सावलीच्या बाजूला जास्त साठतं आणि तिथल्या पेशी जास्त लांबतात. एक बाजू लांबली की खोड दुसऱ्या बाजूला, उजेडाकडे कलतं. आतल्या झाडांना उजेड फक्त वरून. त्यांच्या खालच्या फांद्या सावलीत पडतात, स्वतःपुरतं अन्नही बनवू शकत नाहीत, आणि झाड त्यांचा नाद सोडून देतं. म्हणून दाट रानातली खोडं खाली उघडीबोडकी असतात.

एवढंच नाही. शेजारी कुणीतरी आहे, हे झाडाला प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच कळतं. हिरवं पान सूर्यप्रकाशातला लाल रंग शोषून घेतं, पण त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला जेमतेम जाणवणारा अतिगडद लाल भाग परतवून लावतं. त्यामुळे पानांच्या गर्दीत फिरणाऱ्या उजेडात साधा लाल कमी आणि गडद लाल जास्त असतो. पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य हे प्रमाण सतत तपासत असतं. प्रमाण बिघडलं, की झाड ओळखतं: गर्दी झाली! मग फांद्यांवरचा खर्च आवरून ते उंची वाढवायला लागतं.

ट्रेमध्ये रान लावणाऱ्याने हे आधीच करून ठेवायचं असतं. निसर्गाला जे करायला तीस वर्षं लागली असती, ते आपण सिकेटर घेऊन एका दुपारी करतो. आतल्या झाडांच्या खालच्या फांद्या काढायच्या. कडेच्या झाडांच्या बाहेरच्या फांद्या ठेवायच्या, आतल्या काढायच्या, आणि ती लावतानाच किंचित बाहेर कललेली लावायची. माझ्या पहिल्या रानात मी सगळी झाडं काटकोनात उभी केली होती, प्रत्येकाला चारी बाजूंनी फांद्या. ते कवायतीला उभ्या पोरांसारखं दिसायचं. डोळ्याने हजार राया पाहिलेल्या असतात. नियम सांगता येत नाही, पण चूक त्याला लगेच खटकते.

स्पंजाचा धडा

त्या पहिल्या रानाचं दिसणं हा शेवटी दुय्यम प्रश्न ठरला, कारण ऑगस्टपर्यंत ते मेलं. मी गंगेच्या गाळाची माती वापरली होती. इकडे ती मुबलक, सुपीक, हातात घेतली की मऊ लोण्यासारखी. शेताला उत्तम, उथळ ट्रेला विष. का, ते समजून घ्यायला स्वयंपाकघरातला आयताकृती स्पंज पुरे.

स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि आडवा धरा. थोडं पाणी ठिबकेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. न पिळताच पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, भोकंही तीच. बदलली ती उंची. बारीक छिद्रांमध्ये पाणी धरून ठेवणारी एक ओढ असते, तिला केशाकर्षण म्हणतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं ते याच ओढीने. ही ओढ तळापासून ठरावीक उंचीपर्यंतचं पाणी अडवून ठेवते, आणि ती उंची कुंडीच्या खोलीवर नाही, तर मातीच्या कणांच्या आकारावर ठरते. समजा, एखाद्या मातीत तळाचा दीड इंच थर कायम चिंब राहतो. बारा इंची कुंडीत वर साडेदहा इंच मोकळी हवा उरते. दोन इंची ट्रेमध्ये उरतो अर्धा इंच! मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. चिंब थरात हवा नसते, मुळं गुदमरतात आणि सडतात. म्हणजे उथळ ट्रे लवकर वाळतो हे खरंच, पण भरपावसात तो खोल कुंडीपेक्षा जास्त ओला असतो. कोलकात्यात वर्षाला सुमारे १,७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या दुपटीहून जास्त. पुण्याच्या गच्चीत निभावून जाणारी माती डमडमला निभत नाही.

उपाय म्हणजे कण मोठे करायचे. कण मोठा, तर मधली फट मोठी, आणि मोठ्या फटीत केशाकर्षण कमजोर. मी भाजक्या विटांचा चुरा वापरते. दोन ते चार मिलिमीटरचे कण ठेवायचे, खालची पूड चाळून टाकून द्यायची. हे पूड टाकणं फार महत्त्वाचं, कारण तीच नंतर फटी बुजवते. वीट भाजलेली असल्याने कणाच्या पोटात बारीक छिद्रं असतात. तिथे पाणी राहतं, आणि कणांच्या मधे हवा. त्यात चौथाई भाग चाळलेलं पानांचं कुजकं खत आणि थोडी जाड वाळू. जपानहून येणारी अकादामा माती हेच काम करते, पण तिच्या किमतीत माझ्या सगळ्या कुंड्यांना विटा पुरतील.

आणि झड लागली, की ट्रेच्या एका टोकाखाली अर्धी वीट सारायची. स्पंज उभा केला की पाणी गळतं, तेच तत्त्व. तिरका ट्रे म्हणजे थोडा उभा केलेला स्पंज.

लावणीचा दिवस

नांद्रुकासाठी मी फेब्रुवारी सरतानाचा आठवडा धरते. थंडी गेलेली असते आणि काळबैशाखीची वादळं अजून महिनाभर लांब असतात. महाराष्ट्रात पुष्कळजण पहिल्या पावसावर हे काम करतात, तेही योग्यच. मुद्दा इतकाच, की मुळं कापल्यावर झाडाला ती पुन्हा फोडण्याइतकी ऊब आणि उभारी हवी.

खाली गेलेलं जाड सोटमूळ कापायचं, बाजूला पसरलेली बारीक मुळं जपायची. मुळांचा गठ्ठा भाकरीसारखा चपटा झाला पाहिजे. ट्रेच्या भोकांवर जाळी, जाळीतून वर काढलेल्या तारा, त्यावर मातीचा पातळ थर. मुख्य झाड जिथे येणार तिथे माती थोडी उंच, म्हणजे रानाला चढ-उतार मिळतो. मग बांबूच्या कामट्यांची एक जाळी करून झाडं तिला बांधायची आणि जाळी तारांनी ट्रेला. हा बंदोबस्त अनेकांना अतिरेक वाटतो. पण मूळ पाणी पितं ते टोकाजवळच्या केसांइतक्या बारीक तंतूंनी. खोड वाऱ्याने डुगडुगलं, की रोज फुटणारे ते तंतू रोज तुटतात. झाड वाळतं, आणि आपण म्हणतो पाणी कमी पडलं.

शेवटी माती ओतायची आणि उदबत्तीच्या किंवा बांबूच्या काडीने मुळांमधे हळूहळू सारायची. पोकळी राहिली तर तिथलं मूळ मरतं. ट्रेखालून स्वच्छ पाणी निघेपर्यंत झारीने पाणी द्यायचं आणि तीन आठवडे सावलीत.

ट्रेऐवजी सपाट दगडावर रान लावायचं असेल, तर माती अडवायला कडेने बांध लागतो. तो पहिल्या पावसात वाहून जाऊ नये म्हणून मी कुमारटुलीची युक्ती उचलली. तिथले मूर्तिकार दुर्गेच्या मूर्तीसाठी चिकट एँटेल मातीत भाताचं तूस मिसळतात, म्हणजे वाळताना तडे जात नाहीत. तीच माती, त्यात तूस, थोडं शेण आणि तागाचे धागे. दोन पावसाळे टिकला बांध. तोवर मुळांनीच माती धरली होती.

चौकट : पहिलं रान करायचं असेल तर
एकाच जातीची, पण वेगवेगळ्या जाडीची सात किंवा नऊ रोपं घ्या. सारखी रोपं निवडणं ही नवख्यांची नेहमीची चूक. सगळ्यांत जाड रोपावर जास्त पैसे खर्च करा, बाकीची कशीही चालतील. रोपं कुंडीत असतानाच ती टेबलावर मांडून, सरकवून, फोटो काढून बघा. मुळं उघडी पडल्यावर विचार करायला वेळ नसतो. ट्रेला भोकं भरपूर हवीत. महिना-दीड महिना खत नको, ताज्या कापांना ते सोसत नाही. आणि पहिल्या वर्षी फोटो कुणाला पाठवू नका, कारण पहिल्या वर्षी रान कुणालाच दिसत नाही.

पंगतीतला दांडगा

लावलेलं रान तसंच सोडलं, तर दोन-तीन वर्षांत त्यातली दोनच झाडं तगडी होतात आणि बाकीची झुरतात. ट्रेमध्ये पाणी आणि खत सगळ्यांना एकच आहे. पण पंगतीत वाढपी सगळ्यांना सारखं वाढत असला, तरी एखादा दांडगा शेजाऱ्याच्या पानावरही हात मारतो. ज्याची पानं जास्त त्याला अन्न जास्त. अन्न जास्त म्हणून मुळं जास्त, मुळं जास्त म्हणून पाणी जास्त, आणि पुन्हा पानं जास्त.

हे चक्र तोडायचं हत्यार म्हणजे शेंडा खुडणं. फांदीचं टोक ऑक्सिन खाली पाठवून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. घरातला कर्ता माणूस बसलेला असताना पोरं गप्प असतात, तसं. शेंडा खुडला, की खालचे दोन-तीन डोळे एकदम फुटतात. त्यामुळे लांब फांदीच्या जागी दाट, बारीक फाटे मिळतात आणि झाडाचा जोरही उतरतो. खरं कौशल्य कुणाला खुडायचं आणि कुणाला सोडायचं, यात आहे. दांडग्याला चार-पाच पानं आली की दोनवर आणायचं. दुबळ्याला हात लावायचा नाही, त्याला वाढू द्यायचं. मी सुरुवातीला सगळ्यांना सारखं खुडत होते, न्याय म्हणून. त्या न्यायाने दुबळी झाडं आणखी दुबळी झाली.

जाडीचा मात्र प्रश्न उलटा आहे. आपल्याला मुख्य झाड सर्वांत जाड हवं, आणि ट्रेमध्ये, खुडत राहिल्यावर, खोड जवळजवळ जाड होतच नाही. याचं कारण समजलं तर बराच वैताग वाचतो. लिओनार्दो दा विंचीने नोंदवलं होतं, की झाडाच्या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या तर त्यांची जाडी खोडाइतकी भरेल. १९६४ मध्ये शिनोझाकी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी हीच कल्पना नीट मांडली. त्यांच्या मते झाड म्हणजे नळ्यांची मोळी. ठरावीक पानांमागे एक नळी, पानापासून मुळापर्यंत. वर नवी पानं आली की खोडात नवी नळी लागते. पानं खुडत राहिलात तर नव्या नळ्या कशासाठी? म्हणून जाडी आधीच, जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत कमवून घ्यायची. रानात आल्यावर थोडी हवीच असेल, तर मुख्य झाडाची मागची एक फांदी दोन वर्षं मोकाट सोडायची. तिच्यासाठी खोडात नळ्या तयार होतात. काम झालं की ती कापून टाकायची. मी तिला बळीची फांदी म्हणते.

खताचं काम आमच्याकडे काकूंच्या सल्ल्याने चालतं. मोहरीची पेंड चार-पाच दिवस पाण्यात भिजत घालायची आणि मग कोऱ्या चहाच्या रंगाइतकी पातळ करून पंधरा दिवसांनी घालायची. न कुजवता घातली, तर ती मातीत कुजते, तापते आणि मुळं जाळते. डमडमच्या निम्म्या गच्च्यांवर ही बादली असते. वास असा, की त्या दिवशी आमच्याकडे चहाला कुणी थांबत नाही.

जमिनीखाली

गंगेच्या पलीकडे शिबपूरला, रॉबर्ट किडने १७८७ मध्ये सुरू केलेल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये, तो प्रसिद्ध वड आहे. वय अडीचशे वर्षांहून अधिक, विस्तार दीड हेक्टरच्या वर, जमिनीला टेकलेल्या पारंब्या साडेतीन हजारांहून जास्त. आत शिरलं की अरण्यात शिरल्यासारखं वाटतं, पण झाड एकच. एकोणिसाव्या शतकातल्या वादळांनी त्याचा मूळ बुंधा जखमी झाला, बुरशी लागली, आणि १९२५ मध्ये तो काढून टाकावा लागला. झाडाला त्याने फारसा फरक पडला नाही, कारण तोवर शेकडो पारंब्यांनी आपापले पाय जमिनीत रोवले होते. २०२० च्या अम्फान वादळात त्याची पुन्हा पडझड झाली, तरी वड उभा आहे.

शिबपूरला एक झाड रान झालं. ट्रेमध्ये नेमकं उलटं घडतं: अनेक झाडं हळूहळू एक होत जातात. चार-पाच वर्षांनी नऊ झाडांची मुळं विणली जाऊन एकच चटई होते. वडाच्या कुळातली झाडं त्याही पुढे जातात. दोन मुळं एकमेकांवर दाबली गेली, की मधली साल झिजते आणि सालीखालचा वाढता थर एकमेकांना मिळतो. कोकणात हापूसचं कलम बांधतात त्यात जे घडतं, ते इथे कुणी न बांधता होतं. म्हणून जुनं रान नव्या मातीत हलवताना झाडं सुटी करायची नसतात. आख्खं रान भाकरीसारखं उचलायचं, कडेची बोटभर मुळं कापायची आणि तळातून मधे-मधे शंकरपाळ्यासारखे तुकडे काढून तिथे ताजी माती भरायची. दांडग्या झाडाच्या बाजूने जरा जास्त कापायचं.

जगातलं बहुधा सर्वांत नावाजलेलं बोन्साय हे रानच आहे. लॉस एंजेलिसच्या जॉन नाका यांनी १९४८ मध्ये जुनिपरची दोन झाडं घेऊन ते सुरू केलं. १९६४ मध्ये झाडं प्रथम एकत्र लावली, एकेका नातवंडाच्या नावाने एकेक. पुढे ती अकरा झाली. १९८४ मध्ये त्यांनी ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानासाठी दिलं. त्याचं नाव गोशिन, म्हणजे रक्षणकर्ता. नाका यांना ते सुचलं जपानमधल्या एका देवळाजवळचं उंच सुगी वृक्षांचं रान पाहून. जपानी देवळांभोवतीची अशी रानं पूर्वापार तोडली जात नाहीत. आईने आमच्या ट्रेला जे नाव दिलं, ते नाका यांच्यापासून फार दूर नव्हतं.

यंदाच्या फेब्रुवारीत आमचं रान मी दुसऱ्यांदा ट्रेबाहेर काढलं. नऊपैकी एक झाड, उजवीकडून तिसरं, गेल्या पावसाळ्यात वठलं होतं. ट्रे उलटा केल्यावर कारण समजलं. त्याच्या बरोबर खालचं भोक शेजारच्या झाडाच्या मुळाने बूच मारल्यासारखं बंद केलं होतं. तेवढ्या कोपऱ्यात पाणी साचत राहिलं, आणि वरून मला कळलं नाही. वठलेलं झाड काढून तिथे नवं रोप लावायचं ठरवलं होतं, रोपही आणून ठेवलं होतं. खोड धरून ओढलं, तर आठही झाडं हलली. दोन्हीकडच्या मुळांनी त्याच्या बुंध्याला असा विळखा घातला होता, की ते काढायचं तर दोन जिवंत झाडांची मुळं तोडावी लागली असती.

भोक मोकळं केलं, जाळी बदलली आणि रान होतं तसं परत ठेवलं. नव्या रोपाला कुंडीत लावलंय. वठलेलं खोड उभंच आहे, राखाडी पडलेलं, आणि एका बाजूने मॉस वर चढायला लागलंय.